क्रोम, फायरफॉक्स, सफारी की एज? ब्राउझरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीपाळखीत कोणाचा संगणक रुसला की निरोप माझ्याकडे येतो, आणि निम्म्या वेळा दुखणं संगणकाचं नसतंच, ब्राउझरचं असतं. तीच ती उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून बोटं दुखली, म्हणून एकदाच इथे लिहून ठेवतोय. सोपे प्रश्न आधी, किचकट नंतर. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिलाय.

१. ब्राउझर म्हणजेच गूगल ना?

नाही. ब्राउझर हा तुमच्या संगणकावर किंवा फोनवर बसवलेला प्रोग्रॅम. तो साइटकडून मजकूर, चित्रं, कोड मागवतो आणि पडद्यावर मांडतो. गूगल सर्च ही त्यातून उघडायच्या असंख्य साइटपैकी एक साइट. घोळ होतो तो दोन कारणांनी: गूगल कंपनीचाच क्रोम नावाचा ब्राउझर आहे, आणि वरच्या एकाच पट्टीत आपण साइटचा पत्ताही टाइप करतो आणि शोधायचे शब्दही. फायरफॉक्समधून गूगलवर शोधता येतं, क्रोममध्ये डकडकगो हे दुसरं सर्च इंजिन लावता येतं. दोन्ही निवडी वेगवेगळ्या.

२. इतके ब्राउझर दिसतात, पण आतून सगळे एकच असं म्हणतात. खरं का?

बरंचसं खरं. ब्राउझरचा वरचा डोलारा म्हणजे बटणं, टॅब, मेनू. आत असतं इंजिन, जे पानाचा कोड वाचून अक्षरं-चित्रं जागच्या जागी बसवतं. डोलारे ढीगभर, पण वापरात असलेली मोठी इंजिनं तीनच: गूगलचं ब्लिंक, ॲपलचं वेबकिट आणि मोझिलाचं गेको. क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट ही सगळी मंडळी ब्लिंकवर. सफारी वेबकिटवर. फायरफॉक्स आणि त्याच्याच पायावर उभा असलेला टॉर ब्राउझर गेकोवर.

या तिघांतही दोघं भाऊबंद आहेत. लिनक्स या मोफत संगणक प्रणालीवाल्यांच्या केडीई प्रकल्पात केएचटीएमएल नावाचं इंजिन होतं. ॲपलने ते घेऊन त्यातून वेबकिट घडवलं आणि जानेवारी २००३मध्ये सफारी आणला. गूगलने सप्टेंबर २००८मध्ये क्रोम काढला तोही वेबकिटवरच, आणि एप्रिल २०१३मध्ये वेगळी चूल मांडली, तिचं नाव ब्लिंक. ऑपेराने त्याच वर्षी प्रेस्टो हे स्वतःचं इंजिन सोडलं. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८मध्ये हात टेकले आणि जानेवारी २०२०मध्ये एज नव्या अवतारात आला, तो क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्याच पायावर (प्रश्न ३). गेकोचं घराणं मात्र वेगळं, थेट नेटस्केप या नव्वदच्या दशकातल्या ब्राउझरकडून आलेलं.

म्हणून ‘एज चांगला की क्रोम’ या प्रश्नात पान कसं दिसतं याला फारसा अर्थ उरलेला नाही, ते सारखंच दिसतं. फरक पडतो तो ब्राउझर कोणाच्या पैशावर चालतो (प्रश्न ७) आणि तुमच्या मागावर असणाऱ्यांना तो किती अडवतो (प्रश्न ९) इथे. वेगाच्या गप्पांपेक्षा हे दोन प्रश्न आधी वाचा, असं मी सगळ्यांना सांगतो. कोणी ऐकत नाही.

३. क्रोम आणि क्रोमियम यांत काय फरक?

क्रोमियम हा मुक्तस्रोत साचा, कोणीही घ्यावा. त्यात गूगल खात्याशी जोडणी, आपोआप होणारं अपडेट, व्हिडिओंसाठी लागणारे परवान्याचे भाग वगैरे घालून गूगल जे देतं ते क्रोम. एज, ब्रेव्ह, विवाल्डी यांनीही तोच साचा घेऊन आपापला मालमसाला भरलाय. नुसता क्रोमियम रोजच्या वापरासाठी उतरवून घेऊ नका. विंडोजवर तो स्वतःहून अपडेट होत नाही, आणि जुना ब्राउझर म्हणजे उघडं दार.

४. सगळ्यात वेगवान कोणता?

आज या प्रश्नात दम नाही. ॲपल, गूगल, मोझिला, मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांनी मिळून मार्च २०२४मध्ये स्पीडोमीटर ३ ही वेगाची चाचणी आणली. तिच्यात कोणी चार गुण पुढे, कोणी मागे, आणि पुढच्या महिन्यातल्या अपडेटनंतर क्रम बदललेला. बोटाखाली तो फरक जाणवत नाही. जाणवतात ते तुमच्या नेटचा वेग, पानावरच्या जाहिरातींचं ओझं आणि तुम्ही लावलेली एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम. एका ओळखीच्या बाईंचा ब्राउझर ‘मंद’ झाला म्हणून उघडून पाहिला तर आत अकरा एक्स्टेन्शन्स, त्यातली तीन कूपन शोधणारी. नऊ काढली. ब्राउझर बदलावा लागला नाही.

५. क्रोम रॅम फार खातो. फायरफॉक्स कमी खातो का?

थोडाफार फरक असतो, पण वाटतो तेवढा नाही, आणि दोष एकट्या क्रोमचा नाही. आधी रॅम खाते कोण ते स्वतः बघा. संगणकावर क्रोम उघडा आणि शिफ्ट धरून एस्केप दाबा. एक छोटी खिडकी येईल, ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर. एजमध्ये आणि फायरफॉक्समध्येही हीच कळ चालते; मॅकवर क्रोममध्ये तो मेनूत सापडतो. मेमरीच्या रकान्यावर क्लिक केलं की मोठे खादाड वर येतात.

माझ्याकडे मागे हे केलं तेव्हा सगळ्यात वर कोण होतं? तीन दिवसांपूर्वी उघडून विसरलेला नकाशाचा टॅब. त्याखाली मेल. त्याखाली जो लेख मी खरंच वाचत होतो तो, आणि तो वरच्या दोघांच्या पासंगालाही पुरत नव्हता. यादीत काही ओळी ‘सबफ्रेम’ नावाच्या दिसतील. त्या म्हणजे एका पानात घुसवलेल्या दुसऱ्या साइटच्या चौकटी, बहुतेक जाहिरातींच्या. प्रत्येकीला वेगळी जागा लागते.

ती वेगळी का लागते? जानेवारी २०१८मध्ये स्पेक्टर नावाची खोट उघड झाली. प्रोसेसरच्या घडणीतच अशी फट होती, की एका साइटचा कोड त्याच प्रक्रियेतल्या दुसऱ्या साइटची माहिती हळूच वाचू शकेल. तेव्हा क्रोमने त्याच वर्षी संगणकांवर प्रत्येक साइट स्वतंत्र प्रक्रियेत कोंडली. फायरफॉक्सनेही २०२१मध्ये तेच केलं. बँकेचा टॅब आणि कुठल्या तरी फुकट गाण्यांच्या साइटचा टॅब यांच्यामध्ये भिंत असावी, तर विटा लागणारच. तुम्ही ज्याला खादाडपणा म्हणता त्यातला बराचसा भाग ही भिंत आहे.

उपाय म्हणाल तर झोपलेले टॅब. क्रोममध्ये ‘मेमरी सेव्हर’ आणि एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्स’ नावाची सोय आहे. बराच वेळ न बघितलेला टॅब मेमरीतून उतरवून ठेवायचा आणि क्लिक केल्यावर पुन्हा उघडायचा. फायरफॉक्स मेमरी कमी पडली की आपणहून असं करतो. एक सावधगिरी: अर्धवट भरलेला फॉर्म असलेला टॅब झोपला तर भरलेलं पुसलं जाऊ शकतं. ब्राउझर अशा टॅबना वगळायचा प्रयत्न करतात, पण लांबलचक अर्ज भरताना त्या साइटला सेटिंग्जमध्ये अपवाद घालून ठेवलेला बरा.

६. लॅपटॉपची बॅटरी कोणत्या ब्राउझरवर जास्त टिकते?

मॅकवर सफारी, हे सरळ उत्तर. यंत्र, प्रणाली आणि ब्राउझर एकाच कंपनीचे असल्याचा तो फायदा. विंडोजवर एज बरा, मुख्यतः झोपलेल्या टॅबमुळे. बाकी प्रश्न ४मधलीच गोष्ट: एखादा जाहिराती अडवणारा ब्राउझर किंवा एक्स्टेन्शन बॅटरी जेवढी वाचवेल तेवढी ब्राउझर बदलून वाचेलच असं नाही.

७. सगळे ब्राउझर फुकट मिळतात. मग यांची कमाई कशावर?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि खरं तर सगळी तुलना इथूनच सुरू व्हायला हवी.

क्रोमचा हिशोब उघड आहे. गूगलचं मुख्य उत्पन्न जाहिरातींचं. क्रोम उत्तम बनवलेला आहे, सुरक्षेच्या बाबतीत तर फारच, पण जाहिरात विकणाऱ्याच्या घरी राहून ‘मला जाहिराती नकोत’ म्हणायचं झालं तर तिथे घोडं अडणारच (प्रश्न १० बघा).

सफारीसाठी ॲपल तुमच्याकडून यंत्राचे पैसे आधीच घेतं. शिवाय सफारीत गूगल हे आपसूक सर्च इंजिन असावं म्हणून गूगल ॲपलला पैसे देतं. अमेरिकेत गूगलवर चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात आकडा बाहेर आला: २०२२ या एका वर्षाचे २० अब्ज डॉलर. पत्त्याच्या पट्टीतल्या त्या एका निवडीची ही किंमत. बहुतेक लोक ती निवड कधीच बदलत नाहीत, म्हणूनच ती एवढी महाग.

फायरफॉक्सची गंमत, किंवा शोकांतिका म्हणा, ही की मोझिला ना-नफा संस्थेच्या मालकीची, खासगीपणाचा झेंडा घेऊन उभी, आणि तिचं बहुतांश उत्पन्न गूगलकडून येतं, त्याच सर्च कराराचं. प्रतिस्पर्ध्याच्या पैशावर जगणारा प्रतिस्पर्धी. ऑगस्ट २०२४मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने गूगलची सर्चमधली मक्तेदारी बेकायदा ठरवली तेव्हा सगळ्यात जास्त धास्ती मोझिलालाच होती. सप्टेंबर २०२५च्या निकालात क्रोम विकायची सक्ती झाली नाही आणि असे पैसे देण्यावर सरसकट बंदीही आली नाही.

एज तुम्हाला बिंग आणि मायक्रोसॉफ्टच्या बाकीच्या सेवांकडे ढकलतो. ब्रेव्ह स्वतःच्या जाहिराती विकतो, पण त्या बघायच्या की नाही हे तुमच्यावर. विवाल्डी सर्च करार आणि नवीन ब्राउझरमध्ये आधीच भरून दिलेले बुकमार्क यांवर चालतो. ते पुसले तरी चालतात.

८. इन्कॉग्निटोमध्ये केलेलं कोणालाच दिसत नाही ना?

दिसतं. फक्त तुमच्याच संगणकावर तुमच्या मागून बसणाऱ्याला दिसत नाही. ही खासगी खिडकी (क्रोममधलं तिचं नाव इन्कॉग्निटो) बंद केली की हिस्टरी, कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण), फॉर्ममधले शब्द पुसले जातात, एवढंच तिचं काम. नेट पुरवणारी कंपनी, ऑफिसचं नेटवर्क सांभाळणारे आणि तुम्ही उघडलेली साइट, या तिघांना तुम्ही पूर्वीसारखेच दिसता. त्या खिडकीत जाऊन मेलमध्ये लॉगइन केलंत तर तुम्ही कोण हे तुम्हीच सांगून बसलात.

या गैरसमजावरून गूगलवर २०२०मध्ये खटला झाला. २०२४च्या तडजोडीत कंपनीने साठवलेला डेटा नष्ट करायचं कबूल केलं, आणि इन्कॉग्निटो उघडल्यावर दिसणारी सूचनाही जास्त स्पष्ट झाली. ती सूचना एकदा वाचा. सगळे तिच्यावरूनच पुढे जातात.

दोन अपवाद लक्षात ठेवण्यासारखे. डाउनलोड केलेली फाइल आणि घातलेला बुकमार्क खिडकी बंद केल्यावरही मागे राहतात. आणि क्रोम-फायरफॉक्समध्ये एकाच वेळी उघडलेल्या सगळ्या खासगी खिडक्या एकमेकींच्या कुकी वाटून घेतात. एक बंद करून दुसरी चालू ठेवलीत तर काहीच पुसलं जात नाही, लॉगइनसुद्धा तसंच राहतं. सफारीत मात्र प्रत्येक खासगी टॅब दुसऱ्यापासून वेगळा असतो.

नेटवरचा तुमचा पत्ताच लपवायचा असेल तर गोष्ट टॉर ब्राउझरची. तो तुमची वाहतूक तीन मुक्कामांवरून फिरवतो, त्यामुळे हळू चालतो, आणि पुष्कळ साइट त्याला दारातच उभं करतात. त्याची खिडकी मोठी करायला गेलात तर पानाभोवती राखाडी कडा दिसतात. तो बिघाड नव्हे. खिडकीच्या नेमक्या मापावरूनही माणूस ओळखता येतो, म्हणून सगळ्यांची मापं ठरावीक टप्प्यांत बसवलेली असतात.

९. पाळत कोणता ब्राउझर सगळ्यात चांगली अडवतो, सेटिंग्जला हात न लावता?

सेटिंग्जला हात न लावता, हे महत्त्वाचं, कारण कोणीच लावत नाही. माझा क्रम: टॉर (प्रश्न ८), मग ब्रेव्ह, मग फायरफॉक्स आणि सफारी जवळपास बरोबरीने, मग एज, शेवटी क्रोम.

मुद्दा तिऱ्हाइताच्या कुकीचा. तुम्ही बातम्यांची साइट उघडता, पण तिच्यात बसवलेली जाहिरात कंपनीही तुमच्या ब्राउझरमध्ये आपली खूण ठेवते. उद्या बुटांच्या साइटवर तीच कंपनी भेटते आणि ती खूण वाचते. सफारीने २०१७पासून यावर गदा आणायला सुरुवात केली आणि मार्च २०२०मध्ये अशा कुकी सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने २०२२पासून संगणकावर सगळ्यांना निराळा उपाय दिला: प्रत्येक साइटसाठी कुकीची स्वतंत्र बरणी. जाहिरात कंपनीने खूण ठेवावी, पण ती त्या साइटच्या बरणीतच राहील, दुसरीकडे वाचता येणार नाही. मला ही युक्ती जास्त आवडते, कारण तिने साइट कमी मोडतात.

क्रोमने जानेवारी २०२०मध्ये या कुकी दोन वर्षांत काढू असं जाहीर केलं. मग तारीख पुढे, परत पुढे, आणि एप्रिल २०२५मध्ये कळलं की आहे तसंच ठेवणार. सेटिंग्जमध्ये बंद करायची सोय आहे. ती शोधायची तुम्ही.

१०. माझं जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन क्रोमने बंद केलं. का? आणि आता काय करू?

ते बहुधा युब्लॉक ओरिजिन असणार. एक्स्टेन्शननी कसं वागायचं याचे नियम गूगलने बदलले. नव्या नियमांचं नाव मॅनिफेस्ट व्ही३. पूर्वी पान जे काही मागवेल ती प्रत्येक मागणी एक्स्टेन्शनच्या हातातून जायची आणि ते तिथल्या तिथे ठरवायचं, सोडू की अडवू. आता एक्स्टेन्शनने नियमांची यादी ब्राउझरला आधीच द्यायची आणि अडवायचं काम ब्राउझर करणार. गूगलचं म्हणणं, यात सुरक्षा आणि वेग आहे. त्यात तथ्य आहे. सगळी वाहतूक वाचू शकणारं एक्स्टेन्शन चोराच्या हाती लागलं तर अनर्थ होतो. पण हा नियम जाहिरातींवर जगणाऱ्यानेच केलाय, हेही खोटं नाही.

क्रोममध्येच राहायचं तर युब्लॉक ओरिजिन लाइट लावा. बहुतेक साइटवर ते पुरतं, पण दुधाची तहान ताकावर भागवल्यासारखं. पूर्ण युब्लॉक ओरिजिन हवं तर फायरफॉक्स, तिथे ते जसंच्या तसं चालतं. अँड्रॉइड फोनवरच्या फायरफॉक्समध्येही चालतं, आणि हे फार थोड्यांना माहीत असतं. फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शनच लागत नाहीत. ब्रेव्हचा अडवणारा भाग एक्स्टेन्शन नसून ब्राउझरच्या अंगातच आहे, त्यामुळे त्याला या नियमाची झळ पोचली नाही.

११. ब्रेव्ह, विवाल्डी, ऑपेरा यांतला कोणी घ्यावा का?

ब्रेव्ह: टाकल्या टाकल्या जाहिराती गायब, हे त्याचं बलस्थान. निर्माता ब्रेंडन आइक, जावास्क्रिप्टचाही जनक. उणं म्हणजे क्रिप्टोची (आभासी चलनाची) सगळी खोगीरभरती. आधी ती बटणं लपवायला पाच मिनिटं जातात. शिवाय २०२०मध्ये काही क्रिप्टो साइटचे पत्ते टाइप करताना ब्रेव्ह त्यामागे स्वतःच्या कमिशनचा कोड जोडतोय हे उघड झालं होतं. त्यांनी माफी मागून ते बंद केलं, पण खासगीपणाची शपथ घेणाऱ्याकडून ते खटकलंच.

विवाल्डी: ज्यांना टॅब रचायचे, थरांत लावायचे, एका खिडकीत चार पानं शेजारी शेजारी बघायची, त्यांच्यासाठी स्वर्ग. ऑपेराच्या संस्थापकांपैकी एकाने तो २०१६मध्ये आणला आणि जुन्या ऑपेराचे चाहते तिकडे गेले. मेल आणि कॅलेंडरही आतच. सेटिंग्जचं पान एवढं लांब की हरवायला होतं.

ऑपेरा: दिसायला देखणा. त्याचं ‘फुकट व्हीपीएन’ (नेटवरचा तुमचा पत्ता झाकणारी सेवा) मात्र फक्त ब्राउझरमधल्या वाहतुकीपुरतं, संगणकावरच्या बाकी प्रोग्रॅमना त्याचा उपयोग नाही. २०१६मध्ये मालकी चिनी गुंतवणूकदारांच्या गटाकडे गेली. कोणाला त्याने फरक पडतो, कोणाला नाही.

१२. एज संगणकाबरोबरच आलाय. काढून टाकू का?

राहू द्या. पीडीएफवर खुणा करायला आणि उभे टॅब वापरायला तो चांगला आहे. शिवाय इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ला निवृत्त झाला, तरी जुन्या सरकारी-दफ्तरी साइट अजून त्याच्याच नावाने हट्ट धरतात. त्यांच्यासाठी एजमध्ये ‘आयई मोड’ आहे. एजचा जाच म्हणजे आर्जवं. दुसरा ब्राउझर उतरवायला गेलात की ‘गरजच काय’ म्हणून पाटी, अपडेटनंतर ‘शिफारस केलेल्या सेटिंग्ज’ लावायची विनंती. नाही म्हणत राहा.

१३. आयफोनवर क्रोम टाकला तर तो संगणकावरच्या क्रोमसारखाच ना?

नाही. आयफोनवर ॲपलचा नियम असा की प्रत्येक ब्राउझरने आतून वेबकिटच वापरायचं. म्हणजे तिथला क्रोम, तिथला फायरफॉक्स हे सफारीच्या इंजिनावर चढवलेले अंगरखे. युरोपीय संघात २०२४पासून आणि जपानमध्ये २०२५च्या अखेरीस कायद्याने ही सक्ती उठली, बाकी बहुतेक ठिकाणी ती आहे. म्हणून एखादी साइट आयफोनवर सफारीत मोडली तर क्रोममध्येही मोडणार; उगाच तीन ब्राउझर उतरवू नका. वेगळा ब्राउझर घेण्याचा फायदा एकच: संगणकावरचे बुकमार्क आणि पासवर्ड फोनवर येतात. एक्स्टेन्शन हवीत तर मात्र आयफोनवर सफारीच बरा.

१४. तुम्ही स्वतः कोणता वापरता?

रोजचा फायरफॉक्स, युब्लॉक ओरिजिनसकट. व्हिडिओ बैठका आणि हट्टी साइटसाठी (प्रश्न १६) एक क्रोमियमवाला, त्यात कुठेच कायमचं लॉगइन नाही. आईच्या संगणकावर ब्रेव्ह लावून दिलाय, कारण ‘तुमच्या संगणकात विषाणू सापडला’ म्हणणाऱ्या जाहिराती तिच्यापर्यंत पोचूच नयेत. तिला तो बदललाय हे कळलंही नाही, फक्त ‘चिन्ह सिंहाचं का झालं’ एवढं विचारलं.

१५. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवणं सुरक्षित आहे का?

सगळीकडे एकच पासवर्ड वापरण्यापेक्षा शंभर पटीने. आणि ब्राउझर एक काम माणसापेक्षा चोख करतो: साइटचा पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असेल तर पासवर्ड भरत नाही. तो भरत नसेल तर हाताने टाइप करण्याआधी पत्ता नीट वाचा, फसवी साइट असू शकते.

फरक सिंकमध्ये, म्हणजे एका यंत्रावरचं साठवलेलं दुसऱ्या यंत्रावर नेण्याच्या सोयीत आहे. फायरफॉक्स आणि सफारीचे पासवर्ड यंत्रावरच कुलूपबंद होऊन वर जातात, कंपनीला ते वाचता येत नाहीत. क्रोममध्ये तसं हवं असेल तर सिंकसाठी वेगळा परवलीचा शब्द स्वतः लावावा लागतो. फायरफॉक्समध्ये ‘प्रायमरी पासवर्ड’ मुळात बंद असतो. संगणक चार जण वापरत असतील तर तो चालू करा, नाहीतर कोणीही सेटिंग्जमध्ये जाऊन सगळी यादी वाचेल.

१६. एखादी साइट फक्त क्रोममध्येच चालते. मग फायरफॉक्स कमी दर्जाचा नाही का?

बहुतेक वेळा दोष साइट बनवणाऱ्याचा. जगातले जवळजवळ दोन तृतीयांश लोक क्रोम वापरतात, म्हणून तो तेवढ्यातच तपासतो आणि घरी जातो. पंचवीस वर्षांपूर्वी हेच इंटरनेट एक्स्प्लोररच्या बाबतीत झालं होतं, फक्त मालक बदललाय.

खरे अपवादही आहेत. पानातून थेट यूएसबी किंवा ब्लूटूथ यंत्राशी बोलायची सोय क्रोमियमवाल्यांत आहे. मोझिला आणि ॲपलने ती धोक्याची म्हणून जाणूनबुजून दिलेली नाही. ब्राउझरमधून एखाद्या यंत्रात नवा प्रोग्रॅम भरायचा असेल तर फायरफॉक्समध्ये डोकेफोड करत बसू नका, एज उघडा.

साइट फायरफॉक्समध्ये अडली तर आधी पत्त्याच्या पट्टीतल्या ढालीवर क्लिक करून त्या साइटपुरतं संरक्षण उतरवून बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

१७. विंडोज ७ आहे. कोणता ब्राउझर चालेल?

क्रोमने फेब्रुवारी २०२३मध्ये विंडोज ७ आणि ८.१ची साथ सोडली. त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती १०९. फायरफॉक्सने ११५ या आवृत्तीवर जुन्या विंडोजवाल्यांना बराच काळ सुरक्षा अपडेट दिले. तोही आयुष्य लांबवण्याचाच प्रकार. जुनं यंत्र टिकवायचंच असेल तर त्यावर लिनक्स टाका आणि चालू फायरफॉक्स वापरा. निदान बँकेचं काम तरी विंडोज ७वर करू नका.

१८. पैसे भरून घेतलेल्या व्हिडिओ सेवेचं चित्र लॅपटॉपवर पुसट दिसतं, टीव्हीवर लख्ख. नेट तर तेच!

ब्राउझर बदलून पाहा. अशा सेवा चोरीच्या भीतीने चित्र कुलूपबंद पाठवतात. कुलूप यंत्राच्या हार्डवेअरमध्ये उघडत असेल तर पूर्ण दर्जा, नुसत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत असेल तर उतरलेला. म्हणून विंडोजवर एज आणि मॅकवर सफारी इथे क्रोम-फायरफॉक्सच्या पुढे असतात. फायरफॉक्सवाल्यांनी हे मान्य करून टाकावं, मी केलंय.

१९. एकाच साइटवर माझी दोन खाती आहेत. सारखं लॉगआउट-लॉगइन करावं लागतं.

क्रोम आणि एजमध्ये दुसरं प्रोफाइल बनवा. त्याची खिडकी वेगळी, बुकमार्क वेगळे, कुकी वेगळ्या. ऑफिस आणि घर असे दोन कप्पे करायला हे छान. फायरफॉक्सची युक्ती आणखी सोयीची आहे: मोझिलाचंच ‘मल्टि-अकाउंट कंटेनर्स’ नावाचं एक्स्टेन्शन. एकाच खिडकीत एक टॅब निळ्या रेघेचा, दुसरा नारिंगी, आणि दोन्हींत तीच साइट वेगवेगळ्या खात्यांनी उघडी. दुसरं खातं खासगी खिडकीत उघडण्याचा उपायही चालतो, फक्त तिथे रोज नव्याने लॉगइन करावं लागतं.

२०. मी विवाल्डी वापरते, पण मेलमध्ये ‘क्रोमवरून नवीन लॉगइन’ अशी सूचना आली. कोणी खात्यात घुसलं का?

आधी वेळ आणि यंत्र जुळतंय का बघा. जुळत असेल तर घाबरू नका, त्या तुम्हीच. विवाल्डी साइटना आपली ओळख क्रोम अशीच सांगतो, ब्रेव्हही. खरं नाव सांगितलं की काही साइट ‘तुमचा ब्राउझर चालत नाही’ म्हणून परतवतात, म्हणून ही पळवाट.

ही खोड जुनीच. प्रत्येक ब्राउझर साइटला भेटताना ओळखीची एक ओळ पाठवतो, आणि आज क्रोमची ओळही ‘मोझिला’ या शब्दाने सुरू होते. पुढे ‘ॲपलवेबकिट’, ‘केएचटीएमएल, गेकोसारखा’, मग ‘क्रोम’ आणि शेवटी ‘सफारी’. नव्वदच्या दशकात चांगली पानं फक्त नेटस्केपला मिळायची, आणि त्याचं आतलं नाव मोझिला. म्हणून इंटरनेट एक्स्प्लोररने स्वतःला मोझिला म्हणवून घेतलं, पुढच्या प्रत्येकाने आधीच्याचं नाव लावलं, आणि ती ओळ वाढतच गेली. एज शेवटी आपल्या नावाचा तुकडा जोडतो, म्हणून सूचनेत एज हे नाव बरोबर येतं.

वेळ किंवा यंत्र जुळत नसेल तर मात्र पासवर्ड लगेच बदला आणि खात्याच्या सुरक्षा पानावरून बाकी सगळ्या यंत्रांवरचं लॉगइन काढून टाका. सूचनेतल्या दुव्यावर क्लिक न करता, पत्ता स्वतः टाइप करून.